उतारवय

‘या वयात’ हे दोन शब्द मराठीतून कायमचे हद्दपार करावेत असा ठराव कुणी साहित्य संमेलनात मांडणार असेल, तर अनुमोदक म्हणून माझं नाव आत्ताच लिहून ठेवावं. ‘गाढवा’ म्हटलं तर माणूस निदान रागावतो. ‘मूर्खा’ म्हटलं तर उलट बोलतो. पण ‘कशाला आता या वयात?’ असं मऊ आवाजात म्हटलं की चांगला धडधाकट माणूस हातातली वस्तू मुकाट्याने खाली ठेवतो आणि वर ‘तेही खरंच म्हणा’ असं म्हणतो. शिवी परवडली.

या शब्दांशी माझा धंद्याचा संबंध आहे. मी बँकेत कारकून. माझ्या काउंटरवर ‘ज्येष्ठ नागरिक’ अशी पाटी आहे. साठ पूर्ण झाले की मुदत ठेवीवर अर्धा टक्का व्याज जास्त आणि नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला. पेन्शनर समोर उभा असतो, पंखा बंद आहे म्हणून माझ्याशी तावातावाने भांडत असतो, आणि मी त्याला शांतपणे सांगतो, ‘आजोबा, जिवंत असल्याचा पुरावा लागेल.’ तेव्हा वय या गोष्टीवर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजतो.

पण आजचं भांडण बँकेतलं नाही. ते बर्फावरून घसरत जायच्या फळ्यांचं, म्हणजे स्कीचं आहे. आता तुम्ही म्हणाल, सांगलीचा एक बी.कॉम. कारकून, बर्फाशी ज्याचा संबंध उसाच्या रसाच्या गाड्यापुरता, त्याने स्कीवर का बोलावं? तर त्याला कारण आमचे अण्णा.

अण्णा माझे आतेभाऊ. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. १९८४ साली शिकायला म्हणून अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले आणि सॉल्ट लेक सिटीतच राहिले. त्या शहराच्या उशालाच डोंगर आहेत. पहिल्याच हिवाळ्यात मित्रांनी यांना भाड्याच्या फळ्या बांधून वर नेलं. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या हाच ज्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा उतार, ते अण्णा त्या दिवशी सतरा वेळा पडले. अठराव्यांदा पडले नाहीत, आणि तिथेच बिघडलं. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःची जोडी घेतली, २०३ सेंटिमीटर लांब. उभं राहून हात वर केला की मनगटापर्यंत पोचेल ती आपली फळी, असा तेव्हाचा हिशेब होता. रविवारी इतर मराठी मंडळी एकमेकांकडे पोहे खायला जमत, तेव्हा अण्णा आल्टाच्या डोंगरावर असत. (वहिनींनी लग्नानंतर पहिली दहा वर्षं हे पोहे एकटीने खाल्ले, ही नोंद मी त्यांच्याच सांगण्यावरून करतो.)

चाळीस वर्षं झाली. अण्णा आता चौसष्ट वर्षांचे आहेत, निवृत्त आहेत, आणि दर गुरुवारी आल्टाला जातात. हे आल्टा म्हणजे लिटल कॉटनवुड नावाच्या दरीच्या वरच्या टोकाला. १९३० च्या दशकाच्या शेवटी तिथे माणसं वर नेणारी पहिली खुर्च्यांची दोरी सुरू झाली. बर्फ इतका पडतो की हिमकडा कोसळायचा धोका झाला की माणसांना सरकारी हुकमाने घराबाहेर पडायची बंदी होते. आपल्याकडे संचारबंदी दंगलीमुळे लागते, तिथे आभाळ लावतं. पायथ्याला उभं राहून मान वर केली की समोर ‘हाय रस्लर’ नावाचा जो उभा कडा दिसतो, त्यावरून अण्णा उतरतात. मी खाली उपाहारगृहाच्या काचेतून पाहिलंय. एक ठिपका डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असा लयीत येतो, मोठा होत जातो, आणि त्याचे अण्णा होतात. मी स्वतः फक्त एकदा, लहान मुलांच्या उतारावर उभा राहिलो. चार वर्षांची एक मुलगी माझ्या दोन पायांमधून निघून गेली. त्यावर अधिक लिहीत नाही.

मी तिथे गेलो होतो अण्णांच्या चिरंजीवांच्या लग्नाला. लग्न मार्चमध्ये, आणि मार्चमध्येच तिकडे स्कीच्या दुकानांत सेल लागतात. लग्नाचा बस्ता बांधून झाल्यावर अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि पोरांनी सिगारेट ओढायला चोरून जावं तशा आवाजात म्हणाले, ‘चल जरा. फळ्या बघायच्या आहेत. जुन्या चौदा वर्षांच्या झाल्या.’ पण लग्नघरात गुप्तता कुठली? चिरंजीव ‘मीही येतो’ म्हणाले आणि वहिनी काहीच न बोलता गाडीत येऊन बसल्या. वहिनी काही बोलत नाहीत तेव्हा घाबरायचं असतं, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे.

दुकानात शिरलो तर एक अख्खी भिंत फळ्यांची. साड्यांच्या दुकानात कांजीवरम, इरकल, पैठणी असते तशा इथे जर्मनीतल्या श्ट्राउबिंगच्या फोल्कल, ऑस्ट्रियातल्या मिटरझिलच्या ब्लिझार्ड, इटलीच्या नॉर्डिका, स्वित्झर्लंडच्या श्टॉकली. अण्णांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी पूर्वी फक्त माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर, लक्ष्मी रोडवर पाहिला होता.

तेवढ्यात विक्रेता आला. बावीस-तेवीस वर्षांचा, कानात बाळी, अत्यंत गोड पोरगा. त्याने एकदा अण्णांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. चिरंजीवांनी लगेच माहिती पुरवली, ‘बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत.’ झालं. पोराने अण्णांना कोपराला हलकेच धरलं, रस्ता ओलांडून देताना धरतात तसं, आणि भिंतीच्या पार टोकाला नेलं. तिथे काही हलक्या, मऊ, अरुंद फळ्या होत्या. म्हणाला, ‘या घ्या सर. या सोप्या आहेत. फार क्षमाशील आहेत.’

स्कीच्या धंद्यात हा शब्द चालतो, चूक केली तरी जी फळी माणसाला पाडत नाही ती क्षमाशील. पण मला त्या क्षणी राग आला तो याचा, की अण्णांनी केलं काय होतं? गुन्हा कुठला, की ज्याची माफी? फक्त चौसष्ट वर्षं जगले. त्या पोराने एकही प्रश्न विचारला नव्हता. कुठे जाता, किती वेगाने जाता, बर्फ कसला, आठवड्यातून किती वेळा, काही नाही. वय कळलं, आणि निकाल लागला.

कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवत. यंत्र दरवर्षी अमुक टक्के झिजतं असं धरायचं आणि पुस्तकात त्याची किंमत तेवढी उतरवायची. यंत्र प्रत्यक्षात कसं चालतंय हे पाहायला कारखान्यात जायची गरज नसते. यंत्राच्या बाबतीत ते ठीक आहे, यंत्राला वाईट वाटत नाही. पण हे लोक माणसांवर घसारा लावतात. चौसष्ट म्हणजे इतके टक्के वजा, राहिली किंमत एक मऊ फळी. आणि गंमत पाहा, चाळीस वर्षं दर हिवाळ्यात त्याच डोंगरावर उतरून अंगात जे मुरलं, ते जमेच्या बाजूला कुठेच धरत नाहीत. हा कसला ताळेबंद? आमच्या ऑडिटरने तो कोऱ्या चेहऱ्याने परत पाठवला असता.

आता जरा फळीबद्दल. हे सगळं मला अण्णांनी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर लाटणं आणि दोन पापड घेऊन समजावून दिलं, तेव्हा चूक असेल तर पापडांची. स्की वरून पाहिली तर लांबट डमरूसारखी असते. पुढे रुंद, मागे रुंद, मध्ये कंबर. ही कंबर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तीवरून फळीचा स्वभाव कळतो. घोटून टणक केलेल्या बर्फावर अरुंद कंबर चांगली, भुसभुशीत खोल बर्फात रुंद कंबर चांगली, कारण ती वर तरंगते. सगळ्या डोंगरावर चालावी अशी जी मधली जात आहे, तिला ‘ऑल-माउंटन’ म्हणतात आणि तिची कंबर साधारण पंच्याऐंशी ते शंभरच्या दरम्यान असते. पोटात लाकूड असतं, पॉप्लर, बीच, ॲश असं काहीतरी. कडेला पोलादाची धार. आणि भारी फळ्यांत लाकडाच्या वर-खाली धातूचे पातळ पत्रे.

भांडणाचं मूळ या पत्र्यांत आहे. लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माणसाला हलकी फळी बरी. गाडीपासून दोरीपर्यंत खांद्यावर वाहून नेताना ती बरी, यात शंका नाही. पण अण्णा म्हणाले, ‘अरे, मी फळी विकत घेतो ती वाहून न्यायला की उतरायला?’ सकाळी नऊला बर्फ पिठासारखा असतो. अकरापर्यंत शे-दोनशे माणसं त्यावरून गेली की त्याचे गोळे, चर, ढिगारे होतात. त्यात हलकी फळी बैलगाडीसारखी हादरते, आणि प्रत्येक हादरा थेट गुडघ्यात येतो. पत्रा घातलेली जड फळी त्या ढिगाऱ्यांतून शांतपणे कापत जाते, हादरे पोटात घेते. म्हणजे ज्याचे गुडघे जुने त्यालाच या पत्र्याची गरज अधिक. आणि दुकानदार पत्रा देतो कुणाला? पंचवीस वर्षांच्या पोराला, ज्याला गुडघे आहेत हे अजून कळलेलंही नाही!

विरुद्ध पक्षाचीही बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कारकून एकतर्फी लिहितो. पत्रा टोकापासून टोकापर्यंत घातला आणि फळीचं शेपूट फार ताठ झालं, तर ती थकलेल्या माणसाला माफ करत नाही. दुपारी तीनला मांड्या भरून आलेल्या असताना जरा मागे रेललं की ती शेपूट धरून ओढत नेते. तसंच फार रुंद कंबरेची फळी टणक बर्फावर धारेवर उभी करायला घोटा आणि गुडघा जास्त पिळवटावा लागतो. तेव्हा ‘जास्त म्हणजे चांगलं’ हे इथे खोटं आहे. पण हे ठरतं कशावरून? कुठल्या वेगाने जातोस, दिवसातून किती वेळ जातोस, आणि किती वाजता थकतोस यावरून. पंचविशीतला एखादा पोरगाही अकराला थकतो. अण्णा दोनला थकतात आणि दोनलाच घरी येतात. यात जन्मतारीख कुठे आली?

पहिल्या पोराची ही कथा. पण माझा राग एकट्या त्याच्यावर नाही. तो आत काही आणायला गेला तेवढ्यात दुसरा विक्रेता आला. हा पन्नाशीचा, मुरलेला. त्याने अण्णांचे केस पाहिले नाहीत, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. म्हणाला, ‘सर, आयुष्यभर कष्ट केलेत. आता स्वतःला सर्वोत्तम द्या.’ आणि त्याने ज्या फळ्या पुढे केल्या त्यांच्या किमती हजार डॉलरच्या पुढच्या, आणि बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी कळ, ती वेगळी. ‘प्रीमियम आहे सर.’ मध्यमवर्गीय मराठी माणसाला प्रीमियम म्हटलं की विम्याचा हप्ता आठवतो, मी दचकलोच. पहिला म्हणत होता, तुमचं वय झालं म्हणून स्वस्त आणि मऊ घ्या. दुसरा म्हणत होता, तुमचं वय झालं म्हणून महाग आणि ताठ घ्या. फळी दोघांनीही दाखवली नाही. दोघांनीही आरसाच दाखवला.

प्रीमियम फळीत काहीच नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. अण्णांनी मला हॉवर्ड हेड या माणसाची गोष्ट सांगितली. हा विमानाच्या कारखान्यातला इंजिनिअर. स्की करायला गेला, जमेना, आणि आपल्या सगळ्यांसारखाच त्याने दोष अवजाराला दिला. फरक इतकाच की त्याने अवजार बदललं. विमानाला वापरतात तसं अॅल्युमिनियम आणि मध्ये लाकूड असं करून १९४७ पासून फळ्या बनवू लागला. पहिल्या जोड्या मोडल्या. पुन्हा केल्या, पुन्हा मोडल्या. शेवटी १९५० साली जमलं, आणि ती फळी वळायला इतकी सोपी निघाली की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. म्हणजे आज ज्या पत्र्याला लोक पहिलवानांचा माल समजतात, तो जन्माला आला तो अडाण्यांची सोय म्हणून! याच हेड साहेबांनी पुढे कंपनी विकली, टेनिस खेळू लागले, तेही जमेना, म्हणून मोठ्या तोंडाची रॅकेट काढली. तिचं पेटंट १९७६ सालचं, म्हणजे साठी ओलांडल्यावरचं. त्यांना कुणी ‘या वयात’ म्हणालं असेल तर त्यांनी ते ऐकलेलं दिसत नाही.

तेव्हा पत्र्याला, चांगल्या लाकडाला, नीट घोटलेल्या धारेला पैसे पडणारच. पण किंमत आणि मोल यांतला फरक कॉमर्सवाल्याला कळायलाच हवा. आज जो पत्रा वापरतात त्याचं नाव ‘टायटॅनल’. ऐकणाऱ्याला वाटतं टायटॅनियम, चंद्रावर जायचं सामान. प्रत्यक्षात मूळ धातू अॅल्युमिनियमच. नाव ठेवणाऱ्याला मी आमच्या बँकेच्या जाहिरात खात्यात घ्यायला तयार आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पुष्कळ फळ्यांचं पोट दोन-दोन, तीन-तीन वर्षं तेच राहतं, वरचं चित्र तेवढं दर हिवाळ्यात बदलतं. गेल्या वर्षी निळा डोंगर होता, यंदा केशरी लांडगा. आमच्यात याला ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. तेव्हा निळा डोंगर मार्चमध्ये तीस टक्के उतरवून मिळत असेल, तर केशरी लांडग्याच्या नादाला लागू नये. एवढा एक व्यवहारी सल्ला मी त्या प्रवासात दिला आणि तो मानला गेला.

हे सगळं ऐकून चिरंजीव म्हणाले, ‘काका, तुम्ही बाबांना भरीला घालताय. ते काय मिउरा आहेत?’ या युक्तिवादाला तर मी अगदी कंटाळलो आहे. जपानचे युइचिरो मिउरा १९७० साली एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर उतरले आणि २०१३ साली ऐंशीव्या वर्षी शिखरावर गेले. त्यांचे वडील केइझो २००३ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी, माँ ब्लाँवरची व्हॅले ब्लांश हिमनदी स्कीवरून उतरले. आहेत, मोठीच माणसं आहेत. पण म्हातारा एकतर नव्व्याण्णवाव्या वर्षी हिमनदी उतरणारा असावा नाहीतर त्याने घरी बसून नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, मध्ये काही जागाच नाही? अण्णांना विक्रम करायचा नाही. त्यांना गुरुवारी आल्टाला जायचं आहे, दोन वाजेपर्यंत, आणि येताना दूध आणायचं आहे. त्याला लागणारी फळी कुणी दाखवील का, एवढाच प्रश्न होता.

शेवटी अण्णांनी तोडगा काढला. तीन जोड्या चाचणीसाठी भाड्याने घेतल्या, विकत घेतली तर भाडं वळतं होणार होतं. वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, ‘परवा लग्न आहे. मुलाचे वडील कुबड्या घेऊन मांडवात उभे राहणार का?’

या बोलण्यामागे एक गोष्ट होती, ती मला त्या दिवशी कळली. चार वर्षांपूर्वी अण्णा पडले होते. वेगात नव्हे, कड्यावर नव्हे, अगदी सपाटीवर, हळू जाताना फळी वळली आणि पायही तिच्याबरोबर पिळवटला. नडगीचं हाड मोडलं. आम्हाला भारतात फक्त ‘पाय मुरगळला’ असं कळवलं होतं. पाच महिने घरात. येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येई आणि म्हणे, ‘कशाला अण्णा, या वयात?’ एकानेही विचारलं नाही की बाइंडिंगचा आकडा किती होता.

आणि विचारायचा प्रश्न तोच होता. माणूस पडला की बाइंडिंगने बूट सोडून द्यायचा असतो. किती जोर आला की सोडायचं, त्याचा एक आकडा असतो, त्याला ‘डिन’ म्हणतात, आणि तो काढायचं एक कोष्टक असतं. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, स्वभाव आणि वय. कोष्टक पाहून माझं कारकुनी मन प्रसन्न झालं. स्वभाव म्हणजे तुम्ही जपून जाणारे, मध्यम, की धडाडीचे, ते तुम्हीच लिहून सही करायची. धडाडीचा असेल तर कोष्टकात दोन घरं पुढे, मध्यम असेल तर एक घर पुढे. आणि वय पन्नास झालं की एक घर मागे, म्हणजे कळ लवकर सुटावी. नऊ वर्षांपर्यंतच्या पोरांनाही असंच एक घर मागे. सोंगट्यांचा डावच म्हणा. अण्णांचा आकडा लावला होता तो त्यांच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पुढे पन्नाशी आली, साठी आली, केस पांढरे झाले, वजन उतरलं, पण तो स्क्रू कुणी फिरवला नाही. हाड त्यामुळेच मोडलं असं डॉक्टर लिहून देणार नाहीत. पण अण्णांना तसं वाटतं, आणि मलाही.

म्हणजे माझा मुद्दा पाहा. अख्ख्या दुकानात वय विचारावं अशी एकच जागा होती, ती मागच्या खोलीतलं ते कोष्टक. तिथे ते विचारायचं राहून गेलं. आणि भिंतीपाशी, जिथे त्याचा काडीचा संबंध नाही, तिथे सगळे वयच विचारत होते.

गुरुवारी अण्णा तीन जोड्या घेऊन वर गेले. मी काचेमागे चॉकलेट पीत बसलो. पहिली ती क्षमाशील फळी. अण्णा खाली आले आणि म्हणाले, ‘सज्जन आहे. पण ढिगाऱ्यात शिरली की रिक्षा.’ दुसरी ती हजार डॉलरवाली, फार ताठ. ‘ही मला विचारत नाही, हीच नेते. पंधरा वर्षांपूर्वी भेटायला हवी होती.’ हे सांगताना ते हसत होते, आणि हे म्हणायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. तिसरी मधली. कंबर अठ्ठ्याऐंशी, लांबी १७२ सेंटिमीटर, पत्रा आहे पण शेपटाकडे आवरता घेतलेला, गेल्या वर्षीचं चित्र. त्या फेरीत ते बराच वेळ खाली आलेच नाहीत. वहिनी दर दोन मिनिटांनी कड्याकडे पाहत होत्या. चौथ्या फेरीनंतर आले, काही बोलले नाहीत, फक्त फळ्या भिंतीला टेकवताना शेपटं पायावर ठेवून हळूच टेकवल्या. बाकीच्या दोन्ही जोड्या त्यांनी बर्फात खुपसल्या होत्या. (कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लगेच म्हणाल, कमिशन मिळालं.)

संध्याकाळी बाइंडिंग बसवायला गेलो. कारागिराने फॉर्म पुढे केला. वयाच्या रकान्यात अण्णांनी साठ लिहिलं. वहिनींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, साठ खोडून चौसष्ट केलं आणि शेजारी छोटी सहीही केली, खाडाखोडीवर करतात तशी. कारागीर म्हणाला, ‘मॅडम, पन्नासच्या पुढे सगळे सारखेच.’ इतका उदार फॉर्म मी बँकेच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. मग स्वभावाचा रकाना आला. मी मागून म्हटलं, ‘अण्णा, तीन लिहा! धडाडीचे! घाबरता कुणाला?’ दिवसभर त्यांच्या बाजूने भांडून माझं रक्त तापलं होतं.

अण्णांनी दोन लिहिलं.

म्हणाले, ‘फळी मला हवी तशी मिळाली ना? मग सुटायच्या वेळी तरी लवकर सुटू दे.’ वहिनींनी पर्समधून कार्ड काढलं आणि त्यांनीच पैसे भरले.

एवढं सगळं मी तावातावाने लिहिलंय खरं, पण एक कबुली राहिली. आमचे बाबा सत्तर वर्षांचे होईपर्यंत सायकल चालवत. रोज संध्याकाळी वाचनालयात, तिथून मंडईत. एकदा मंडईच्या वळणावर पडले, कोपर खरचटलं. मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं आणि सायकल साडेचारशेला देऊन टाकली. ‘बाबा, कशाला आता या वयात?’ हे शब्द माझे. आवाज मऊच होता. बाबा ‘तेही खरंच म्हणा’ म्हणाले. वाचनालय चालत वीस मिनिटांवर आहे. पहिले काही दिवस गेले, मग म्हणाले, पेपर घरीच येतो की. त्या सायकलचा मागचा ब्रेक लागत नव्हता, हे मला भंगारवाल्याने सांगितलं. तो ढकलत नेताना म्हणाला, ‘साहेब, रबर झिजलंय. वीस रुपयांचं काम होतं.’ या गोष्टीला सहा वर्षं झाली.

परत आल्यावर रविवारी बाबांना घेऊन सायकलच्या दुकानात गेलो. कुठे जातोय हे सांगितलं नव्हतं. दुकानदार ओळखीचा. त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरवून विचारलं, ‘काकांचं वय काय?’

म्हटलं, ‘उंची विचारा. पाच फूट चार.’

तोपर्यंत बाबा एका काळ्या सायकलपाशी जाऊन उभे राहिले होते. घंटी वाजवतील असं मला वाटलं. त्यांनी आधी वाकून मागच्या ब्रेकचं रबर पाहिलं, मग दांडीवरचा ब्रेक दाबून चाक दोनदा पुढे ढकलून पाहिलं, आणि दुकानदाराला म्हणाले, ‘जरा आवळून द्या.’